टिचकीमामांची सही

टिचकीमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, कामावरचे सगळे मामा म्हणतात, आणि खरं नाव छापलेलं सापडतं ते फक्त एका ठिकाणी, विमा कंपनीच्या कराराच्या चौथ्या पानावर. त्या पानावर दुसरं नावच नाही. सव्वीस वर्षांपूर्वी ते छापून आलं तेव्हा मामांनी पान बायकोला दाखवायला घरी नेलं होतं. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, पगार किती वाढला? पगार वाढला नव्हता.

काम म्हणाल तर नाजूक. लोक आयुष्यभर काही ना काही जमवत असतात. कोणी जुन्या फुलदाण्या, कोणी काचेचे पेले, कोणी चिनी मातीचे वाडगे. एक महाशय तर नुसती झाकणं जमवायचे, ज्यांची भांडी कधीच फुटून गेली होती. असो, हौसेला मोल नाही. पण मग म्हातारपण येतं, घर लहान होतं, मुलं म्हणतात हे सगळं ठेवायचं कुठे, आणि संग्रह विकला जातो, दूरगावी कोणाकडे तरी निघतो. तो फुटू नये म्हणून बांधायचा, आणि फुटलाच तर भरपाई मिळावी म्हणून त्याचा विमा उतरवायचा. बांधणी मामांची, विमा कंपनीचा, आणि दोघांच्या मधे एक कागद, त्याचं नाव तपासणी पत्रक.

बांधणी कोणालाही शिकवता येते. वस्तू पातळ पांढऱ्या कागदात, मग फोममध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, ते खोकं लाकडी पेटीत, आणि दोघांच्या मधे चहूबाजूंनी चार बोटं मऊ भरण. वर्तमानपत्र वापरायचं नाही, शाई उतरते. आत काय आहे ते पेटीवर लिहायचं नाही, चोराला आमंत्रण कशाला द्या? हे झालं हमाली काम. मामांची खरी किंमत त्याच्या आधी होती. वस्तू बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, अंथरलेल्या टेबलावर आणायची, एका हाताच्या तीन बोटांवर तोलायची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर हलकी टिचकी मारायची. अखंड वस्तू वाजते आणि वाजत राहते, बारीक, लांबवर. आत कुठे केसाएवढी भेग असली, डोळ्याला न दिसणारी, तर ती नुसतं 'थप्' म्हणते आणि गप्प बसते. मामा ऐकायचे, पत्रकावर 'नाद स्वच्छ' लिहायचे आणि खाली सही करायचे. सही झाली की वस्तू पूर्ण किमतीला विम्याखाली आली. सही नसेल तर कंपनी कानावर हात ठेवायला मोकळी.

त्या पानावर दुसरं नाव घालायचं तर त्या माणसाची परीक्षा, दोन वर्षांची उमेदवारी, कागदांचा ढीग. कारखान्याचे थोरले मालक म्हणायचे, कशाला, मामा आहेत ना! ते गेले, धाकटे गादीवर आले, तेही म्हणू लागले, मामा आहेत ना. झालं! सव्वीस वर्षांत मामांना सलग चार दिवसांची रजा मिळाली नाही. सासरे वारले त्या दिवशीसुद्धा दुपारी गाडी पाठवून त्यांना दोन सह्यांपुरतं उचलून आणलं होतं.

आणि अशा या मामांचे कान गेले.

सगळे नव्हेत. सगळे गेले असते तर बरं झालं असतं, निदान लपवायची सोय राहिली नसती. माणूस समोर उभं राहून बोललं की कळत होतं. गेले ते बारीक आवाज. आधी दाराची घंटा गेली. बायको करवादायची, पोस्टमन कधीचा ताटकळत उभा आहे, तुमचं लक्ष असतं कुठे? मग गजराचं घड्याळ गेलं. आणि एक दिवस टेबलावर एका पेल्याला टिचकी मारली तर पेला बोललाच नाही. मामांनी परत मारली. पेट्या बनवणारा सुतार मागच्या कोपऱ्यातून म्हणाला, वा, काय गोड वाजतोय! मामांनी पेला हळूच खाली ठेवला.

ते डॉक्टरकडे गेले, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. डॉक्टरबाईंनी तपासलं, कागदावर एक उतरती रेघ काढून दाखवली आणि सांगितलं की बारीक आवाज गेले ते आता परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं सुधारेल, पण काचेचा तो शेवटचा तलम नाद यंत्रातून मिळेल याची खात्री त्या देईनात. मामांनी तो कागद घरी नेला नाही. हत्यारांच्या खणात तळाला घातला आणि वर सुतळीचे गुंडे ठेवले.

आता कंपनीचा एक फॉर्म दर वर्षी येतो. दृष्टी ठीक आहे का, कान ठीक आहेत का, हो किंवा नाही. डॉक्टरकडून आल्यावर नवव्या दिवशी तो फॉर्म आला आणि मामांनी 'हो'वर खूण केली. का केली म्हणता? अहो, घाबरले, दुसरं काय! निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, वाटलं ढकलू कशीतरी. पण त्या एका खुणेने ते पुरते अडकले. खरं सांगावं तर खूण खोटी ठरणार, आणि तिच्यानंतर बांधलेली पेटी न् पेटी संशयात येणार, पोचलेली, वाटेवरची, बोटीत चढलेली. न सांगावं तर उद्याची सही खोटी. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधल्या वीतभर जागेत मामा रोज आठ तास उभे.

त्यातून त्यांनी वाट काढली ती सुताराची. सुतार गाणारा माणूस, कानाचा तयार. वस्तू आली की मामा ती त्याच्याजवळ न्यायचे, म्हणायचे, बघ रे, कशी आहे? आणि टिचकी मारून वस्तूकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे बघायचे. नाद आला की त्याच्या भुवया वर जायच्या. नाही आला तर चेहरा कडू व्हायचा. त्या भल्या माणसाला वाटायचं, मामांना आपल्या कानाची कदर आहे. असे दहा महिने सुताराच्या भुवयांवर मामांनी सह्या केल्या.

अकराव्या महिन्यात सुतार तापाने घरी पडला, आणि नेमका त्याच दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा वाडगा आला. फिका हिरवा, इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. घेणारा दुसऱ्या गावी वाट बघत होता, गाडी दारात उभी होती. मामांनी टिचकी मारली. काही नाही. काठावर करंगळी टेकवून परत मारली. करंगळीला काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं. वाटलं, की वाटावंसं वाटलं, देव जाणे. त्यांनी 'नाद स्वच्छ' लिहिलं आणि सही केली.

गाडीवर ड्रायव्हर होता मामांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, तिने कडेवर खेळवून मोठा केलेला. मामांनीच त्याला नऊ वर्षांपूर्वी इथे चिकटवलं होतं, आणि त्या शब्दाचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नव्हता. काठोकाठ चहा भरलेला कप त्याच्या गाडीत ठेवावा आणि पोचल्यावर बशी कोरडी बघावी, असा त्याचा पाय. त्या फेरीत मात्र वाटेत कुत्रं आडवं आलं आणि त्याने करकचून ब्रेक मारला. बघायला कोणी नव्हतं. तरी त्या शहाण्याने पोचल्यावर फेरीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, अमुक ठिकाणी जोराचा ब्रेक. पेटी उघडली, तर वाडग्याला काठापासून बुडापर्यंत भेग.

विम्याचे साहेब आले. बांधणी चोख, सील शाबूत, मामांचं पत्रक स्वच्छ, आणि वहीत ब्रेक. याहून सोपं प्रकरण त्यांनी वर्षभरात पाहिलं नसेल. बाईंना भरपाई मिळाली, वाडगा कंपनीच्या मालकीचा होऊन चिठ्ठी लावून मामांच्या कपाटात येऊन बसला, आणि ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला कंपनीच्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीतून काढलं. नऊ वर्षांत एक ब्रेक, तोही खरं बोलून पदरात पडलेला!

वाडगा कपाटात आला त्या दुपारी मामांनी तो बाहेर काढून भिंगाखाली धरला. या धंद्यात मुरलेल्या माणसालाच ठाऊक असतं की ताजी भेग पांढरीफेक असते. जुनी भेग वर्षानुवर्षं वाफ, धूळ, चहाचे थेंब पीत राहते आणि आतून तपकिरी होते. ब्रेकच्या धक्क्याने ती उघडली असेल, पसरली असेल. पण काठाजवळची दोन बोटं भेग तपकिरी होती. बाईंच्या कपाटातूनच ती आली होती. टिचकी मारली तेव्हा तो वाडगा 'थप्' म्हणाला होता आणि मामांना ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी वाडगा जागेवर ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर घरी जाणं म्हणजे शिक्षाच झाली. मेहुणा दोन गल्ल्या सोडून एकटा राहायचा, संध्याकाळी जेवायला बहिणीकडे. आधी हा पोरगा जेवताना इतकं बोलायचा की बहीण म्हणायची, घास गिळ आधी. आता खाली मान घालून चार घास खायचा आणि ताट उचलायचा. बहीण त्या कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग मामांकडे वळायची, अहो, तुमचं एवढं वजन आहे तिथे, एक शब्द टाका ना त्याच्यासाठी. मामा पाण्याचा पेला तोंडाला लावायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगायला कोणाला जावं, तर मार देणारेही आपणच.

एके दिवशी शेजाऱ्याने मेहुण्याला बाजारापर्यंत गाडी नेतोस का म्हणून विचारलं, तर हा नको म्हणाला. मग मामांच्या समोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "भाऊजी, माझा पाय आता खात्रीचा राहिला नाही. पेडलवर ठेवला की लटपटतो."

दुसऱ्या दिवशी मामा मालकांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. कान, डॉक्टर, फॉर्म, सुताराच्या भुवया, तपकिरी भेग, सगळं एका दमात ओकून टाकलं. आणि मान खाली घालून उभे राहिले, आता आभाळ कोसळणार म्हणून.

मालक म्हणाले, "मला माहीत आहे, मामा."

आठ महिन्यांपूर्वी आगीच्या घंटेची चाचणी झाली होती. ती घंटा इतकी चिरकी की सगळे कानांत बोटं घालून रस्त्यावर पळाले. मालक मोजायला लागले तर मामा नाहीत. आत येऊन बघतात तो मामा पाठमोरे, शांतपणे एक बशी कागदात गुंडाळतायत. मालक आल्या पावली परत गेले आणि कोणाला काही बोलले नाहीत. आता बघा, आठ महिने हा गृहस्थ मामांना रोज सह्या करू देत होता, आणि वर विचारत होता, काय मामा, तब्येत बरी ना? राग येतो की नाही माणसाला? मामांना आला. पण मालक काही राक्षस नव्हते, त्यांचंही खरं होतं. चारशे एक्केचाळीस पेट्या त्या खुणेनंतर गेल्या, सहा अजून बोटीवर होत्या. चौथ्या पानावर दुसरं नाव नव्हतं. मामांचं नाव गेलं तर करार गेला, करार गेला तर सात माणसं घरी बसणार, त्यात सुतारही आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच राहू द्या, असं ते कितीतरी परींनी समजावत राहिले. मेहुण्याला ते गोदामात घेणार होते, सामान उचलायला.

शेवटी म्हणाले, "फॉर्म पुढच्या आठवड्यात येतोय. खूण करून टाका. कागदावर तुम्हाला ऐकू येतं, तेवढं पुरे आहे."

मामा बाहेर आले ते जास्तच जखडून. आतापर्यंत खोटं त्यांचं एकट्याचं होतं. आता त्यात भागीदार आला होता, आणि भागीदाराला विचारल्याशिवाय मोडता येईल असं ते उरलं नव्हतं.

मग रविवारी त्यांनी मेहुण्याला बोलावलं. कारखाना बंद होता, किल्ल्या मामांकडेच असायच्या. टेबलावर दिवा लावला, वाडगा ठेवला, भिंग त्याच्या हातात दिलं. ताजी भेग कशी असते हे दाखवायला एक कालचीच फुटकी बशीही शेजारी ठेवली.

"ही भेग तुझ्या ब्रेकच्या आधीची आहे," ते म्हणाले. "मी टिचकी मारली, मला ऐकू आलं नाही, आणि तरी मी सही केली."

मेहुण्याने भिंगातून बघितलं. एकदा, दोनदा, मग बशीकडे, मग परत वाडग्याकडे. मामा वाट बघत होते की आता हा गचांडी धरेल. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंही होतं. तो स्टुलावर बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन ढसाढसा रडला. म्हणजे माझ्या हातून फुटला नाही, माझ्या हातून नाही, एवढंच म्हणत राहिला. मग डोळे पुसून उठला, वाडगा दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवला आणि स्वतःच कुलूप लावलं.

"भाऊजी, हे कोणाला सांगू नका," तो म्हणाला. "ताईचं घर तुमच्या सहीवर चालतं. मला कळलं ना, बास झालं."

मालकांनी दाबलं होतं ते रागाच्या भरात झुगारता तरी आलं असतं. हा प्रेमाने दाबत होता. ज्याचं नुकसान झालं तोच किल्ली परत हातात ठेवतोय, आता तक्रार न्यायची कुणाकडे?

त्या संध्याकाळी मेहुणा पोटभर जेवला. बहीण हरखली, म्हणाली, आज किती दिवसांनी याचं तोंड उजळलंय. पुढच्या चार दिवसांत तो हुरूप येऊन दोन ठिकाणी ड्रायव्हरचं काम मागायला गेला. पहिल्यांनी जुन्या जागी फोन लावला, ठपका ऐकला आणि नको म्हणाले. दुसऱ्यांनीही तेच. हा घरी येऊन हसत सांगत होता, असू दे हो, मिळेल कुठेतरी. मामा त्याच्या हसण्याकडे बघत राहिले. त्याला कळून काय उपयोग होता? जगाच्या वहीत वाडगा त्यानेच फोडला होता, आणि ती वही मामांच्या सहीने बंद झाली होती. जेवण झाल्यावर मामांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा भडकली ती सहीवरून नव्हे. वर्षभर दाराच्या घंटेवरून मी तुम्हाला बोलत होते, म्हणाली, आणि तुम्ही ऐकून घेत होतात? मग इतकंच म्हणाली की माझ्या भावाला हमालीला लावून मला या घरात घास गोड लागणार नाही.

विम्याचे साहेब फॉर्म घेऊन आले. मालकांनी स्वतः चहा आणला, खुर्ची पुढे केली, पेनसुद्धा मामांच्या हाती स्वतःच दिलं. दृष्टी ठीक आहे का? मामांनी 'हो'वर खूण केली. पुढच्या ओळीवर पेन थांबलं. मालक खोकले.

मामा उठले. कपाट उघडलं, वाडगा आणून बनातीवर ठेवला, खणातल्या सुतळीखालून डॉक्टरांचा कागद काढला आणि भिंगाबरोबर साहेबांपुढे सरकवला. काठाजवळची दोन बोटं बघा म्हणाले. साहेबांनी बघितलं, खुर्ची ओढून परत बघितलं. धंदा विम्याचा असला तरी माणूस जाणता होता, समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होत आलं. मागचा फॉर्म भरला तेव्हा मला माहीत होतं," मामा म्हणाले. "माझं काय करायचं ते करा. ड्रायव्हरचं आधी माझ्यासमोर लिहा."

मालक कपाळाला हात लावून खिडकीकडे गेले. साहेबांनी फाइल उघडली आणि लिहायला लागले. एक पान, दुसरं पान. लिहिता लिहिता खाली मान घालूनच काहीतरी बोलले. मामांना फक्त मिशा हललेल्या दिसल्या. सवयीने त्यांची मान होकारासाठी हलायला निघाली होती, ती त्यांनी मधेच आवरली.

"साहेब, मला ऐकू आलं नाही. वर बघून मोठ्याने सांगा."

साहेबांनी पेन ठेवलं आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की मागच्या कोपऱ्यातली सुताराची करवत थांबली. "ड्रायव्हरवरचा ठपका खोडला, मामा. आणि चौथ्या पानावरचं तुमचं नावही खोडलं."

"आता ऐकू आलं," मामा म्हणाले.